सात महिन्यांपूर्वी विंडोजमधल्या फाइल सर्चची सेटिंग बदलली, त्याचा अनुभव

मी कोर्टाजवळ दस्त टायपिंगचं काम करतो, खरेदीखत, वाटपपत्र, हक्कसोडपत्र असलं सगळं. १२ वर्षांच्या फाइल्स डी ड्राइव्हला आहेत आणि पार्टी समोर उभी राहून "दादा, मागच्या वेळचा दस्त काढा ना" म्हणाली की माझी पंधरा-वीस मिनिटं जायची, कारण फाइलचं नाव 'नवीन २' आणि गट नंबर आतल्या मजकुरात.

आधी फोल्डर ऑप्शन्समधे जाऊन फाइलच्या आतलंही शोध असं टिक केलं. सापडायचं, पण वरची हिरवी पट्टी इतकी हळू सरकायची की पार्टी चहा पिऊन परत यायची. मग कळलं की डी ड्राइव्ह इंडेक्समधेच नव्हता, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून विंडोज आधीच बनवून ठेवतं त्या यादीत! विंडोज ११ मधे सर्च क्लासिकवर असेल तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच इंडेक्स होतं, बाकी ठिकाणी दर वेळी एकेक फाइल चाळत बसतं. इंडेक्सिंग ऑप्शन्समधे मॉडिफाय करून डी वरचा फक्त दस्तांचा फोल्डर जोडला, अॅडव्हान्स्डच्या फाइल टाइप्समधे डॉक आणि डॉकएक्सला (वर्डच्या फाइल्स) प्रॉपर्टीजसोबत फाइल कंटेंट्स आहे ना ते बघितलं आणि रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी गट नंबर टाकला तर दोन सेकंदात फाइल समोर. एन्हान्स्ड मोड मुद्दाम नाही घेतला, त्यात अख्खा कॉम्प्युटर इंडेक्स होतो आणि मला फोटो-व्हिडिओ कशाला हवेत.

नुसतं नावावरून शोधायचं असेल तर एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, अक्षर टाइप करता करता यादी गाळत जातं. ते एनटीएफएस (विंडोजची ड्राइव्हवर फाइल्स ठेवायची पद्धत) ड्राइव्हची फाइलांची मुख्य यादीच वाचतं म्हणून एवढं फास्ट आहे.

आता खरा त्रास, जो मराठीत टाइप करणाऱ्यांनाच कळेल. २०१६ च्या आधीच्या माझ्या फाइल्स युनिकोड (मराठी अक्षर कॉम्प्युटर मराठी म्हणूनच साठवतो ती पद्धत) नसलेल्या फॉन्टमधे आहेत, स्क्रीनवर मराठी दिसतं पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यामुळे 'वाटपपत्र' शोधलं की एकही येत नाही. त्या जुन्या फॉन्टमधे शब्द टाइप करून कॉपी करून सर्चमधे पेस्ट केला तर कधी सापडतो कधी नाही, मधल्या चिन्हांवर शब्द तुटतो. शेवटी रोज दुपारी दहा फाइल्स युनिकोडमधे करून ठेवायला लागलो, गेल्या आठवड्यात २०१४ पर्यंत मागे पोचलो. वेळ लागतो पण एकदा केलं की ती फाइल कायमची सापडते, मला तर हे काम सेटिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

अजून एक, 'कुऱ्हाडे' आडनाव. तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सेम पण कॉम्प्युटरसाठी वेगळा, म्हणून एकाच घरातल्या दोन भावांचे दस्त एका सर्चमधे येत नव्हते. अशा आडनावांना मी आता फाइलच्या नावात गाव आणि गट नंबर पण टाकतो आणि शोधताना आडनाव टाकतच नाही.