नोकरी सांभाळून बी.लिब.: वीस महिन्यांनंतरचा अनुभव

माझं वय 44. बडोद्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात सतरा वर्षं क्लार्क आहे. जानेवारी 2024 मध्ये एका मुक्त विद्यापीठात बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, प्रवेश घेतला, डिसेंबरात परीक्षा दिली, एक पेपर राहिला, तो जून 2025 मध्ये पुन्हा दिला आणि ऑगस्टअखेर निकाल लागला. बी.कॉम. होऊन तेव्हा बावीस वर्षं उलटली होती. प्रवेशाआधी मला कुणी तरी सांगायला हव्या होत्या त्या गोष्टी इथे लिहिते आहे. विद्यापीठाचं आणि अभ्यास केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती एका खिडकीपुरतीच आहे.

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. किल्ल्या माझ्याकडे आल्या. सोळा कपाटं, दाखल नोंदवहीत चार हजारांच्या वर पुस्तकं, आणि मागितलेलं एकही पुस्तक मला हुकमी काढता येईना. सातवीतला एक मुलगा क्रिकेटवरचं पुस्तक मागायला तीनदा आला. तिसऱ्यांदा मी "नथी बेटा" म्हटलं, तो गेला आणि पुन्हा आला नाही. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक नकाशांच्या कपाटात मागे पडलेलं सापडलं. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, मला हे काम शिकायचंय. ऑफिसातल्या एक बेन म्हणाल्या, "हवे आ उंमरे?" म्हणजे, आता या वयात? घरात मात्र कुणी हा प्रश्न काढला नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, पण दिवसाचे वर्ग करायचे तर नोकरी सोडावी लागली असती. उरलं दूरशिक्षण. "ही डिग्री चालते का?" असं मला अजून विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. सगळा भार 'मान्यताप्राप्त' या शब्दावर आहे. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्याआधी ती उघडून बघा. इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी आणि वकिलीची पदवी अशी घरबसल्या करता येत नाही. कुणी देतो म्हणाला तर तिथून उठा. आता प्रवेशाआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) आणि मग आयोगाच्या याच दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी काढावा लागतो. माझ्या वेळी डेब आयडी नव्हता.

बायकांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी. माझ्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला हुडकण्यात माझे नऊ दिवस गेले आणि प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

वेळेबद्दल सगळेच विचारतात. माहितीपुस्तिकेत एका क्रेडिटला 30 तास धरलेले असतात, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 120. हा आकडा कागदापुरता असेल असं मला वाटलं होतं. तसा तो नाही. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचे तास पेन्सिलीने मांडत गेले. ग्रंथालयांच्या इतिहासाला आणि तत्त्वांना 85 तास पुरले, वर्गीकरणाला, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याला, 140 लागले, तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी नियमाने करण्याचे, तास मी पुढे मोजायचेच सोडले. पहाटे पावणेपाच ते सव्वासहा एवढाच वेळ अख्खा माझा होता. रात्री वाचलेलं सकाळपर्यंत टिकत नसे, म्हणून रात्री फक्त समास आखणं, पानांवर क्रमांक घालणं, उताऱ्यांवर खुणा करणं अशी हाताची कामं केली. मुलगी त्या वर्षी बारावीला होती. पहाटे आम्ही दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसायचो आणि सहा वाजता चहा ती करायची.

वर्गीकरण मात्र सासूबाईंनी करून घेतलं. मेल्विल ड्यूईने 1876 मध्ये साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले, प्रत्येकाचे दहा, त्यांचे पुन्हा दहा. परीक्षेत या आकड्यांचे खंड समोर असतात, तरी मुख्य शंभर आकडे जिभेवर असले की हात चालतो. मेथी निवडताना वही सासूबाईंच्या मांडीवर असायची. "510?" "गणित." "641.5?" "स्वयंपाक." दोन महिन्यांत त्या न बघता चुका पकडायला लागल्या. एकदा मी मराठी साहित्याला 891.47 म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, ते गुजरातीचं. आपलं सेहेचाळीस." त्या यादीत मराठी आणि गुजराती अशा लागून आहेत, आमच्या पोळेतल्या (जुन्या गल्लीतल्या) घरांसारख्या भिंतीला भिंत लावून. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. आपल्या हातून सुनेचा अभ्यास होतोय याचा त्यांना झालेला आनंद मी रोज बघत होते.

हाताने लिहिणं ही सगळ्यात मोठी अडचण निघाली आणि याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती. असाइनमेंट हाताने लिहून द्याव्या लागतात, परीक्षा तीन तासांची. सतरा वर्षं मी कॉम्प्युटरवर काम केलं, हाताने फक्त सह्या केल्या. पहिल्या असाइनमेंटच्या चौथ्या पानावर अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि अक्षर ओळीवर राहीना. मग रोज वीस मिनिटं नुसतं उतरवून काढायला लागले, पुढे चाळीस मिनिटं, ऑक्टोबरपासून दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण तीन तास. जाड बुडाचं, हलकं चालणारं बॉलपेन घेतल्यावर कळ कमी झाली. तुम्ही चाळिशीनंतर परत शिकणार असाल तर पुस्तकं येण्याची वाट न बघता लिहायला आजपासून बसा.

भाषेचंही सांगते. घरी मराठी, शाळेत गुजराती, आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिल्या महिन्यात एकेक पान तीनदा वाचलं. मग प्रत्येक घटकाचा सारांश आधी मराठीत लिहायचा असं ठरवलं. मराठीत लिहिता आलं नाही तर आपल्याला समजलंच नाही, हे त्यातून लगेच कळतं. पाठ केलेलं परीक्षेत विसरले, मराठीत लिहिलेलं आठवलं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला. आम्ही मुजमहुड्याच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. रात्री पाणी फाटकाशी आलं तेव्हा गॅसची टाकी, कागदपत्रांची पेटी, सासूबाईंची औषधं आणि मुलीची बारावीची पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली. माझी पिशवी पलंगाखाली होती, ती राहून गेली. पाणी ओसरलं तेव्हा तीन तयार असाइनमेंट, सुमारे साठ पानं, निळ्या पाण्याचा गोळा झाल्या होत्या. विद्यापीठाची पुस्तकं फुगली होती. वरच्या काकी म्हणाल्या, "आगाशीवर पसर, ऊन पडलंय." विटा ठेवून ती वाळवली आणि आजही ती उघडली की चिखलाचा वास येतो. मी त्या दिवशी घर धुता धुता रडले आणि हे आता सोडून द्यावं असं खरंच वाटलं. आठवडाभर वही हातात घेतली नाही. मग एक दिवस शाळेतून आले तर मुलीने कोऱ्या फुलस्केपच्या शंभर पानांना समास आखून ठेवले होते. तिन्ही पुन्हा लिहिल्या. दुसऱ्यांदा लिहिलेल्या आधीपेक्षा आखूड आणि नेमक्या झाल्या, हेही खरं आहे. तेव्हापासून लिहिलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवते.

त्या फोटोंनीच पुढे वाचवलं. निकालपत्रात दोन असाइनमेंटचे गुण लागलेच नाहीत. अभ्यास केंद्रात गेले तर खिडकीवर सांगितलं, तुमच्या जमाच झालेल्या नाहीत. माझ्याकडे शिक्क्याची पोच होती, पानांचे फोटो होते. तरीही चार महिने आणि सहा फेऱ्या लागल्या, त्यातल्या तीन अर्ध्या दिवसाच्या रजा घालून. नोकरी करणाऱ्या माणसाची अर्धी रजा म्हणजे काय, हे त्या खिडकीपलीकडच्यांना कळायला हवं. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, 'उद्या देतो' यावर तर मुळीच नाही.

रविवारचे वर्ग मात्र मला अपेक्षेपेक्षा फार चांगले मिळाले. प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची होती. छोटा उदेपूरहून पहाटेच्या बसने येणारा एक तरुण शिक्षक, डभोईच्या एक गृहिणी, एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं पुसण्याचं आणि लावण्याचं काम करणारे पन्नाशीचे एक काका. काकांना खंड उघडावाच लागत नसे. बोधांक, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारे आकडे, त्यांच्या पायांनी पाठ केलेले होते. त्यांना इंग्रजी लिहिण्याची धास्ती, मला आकड्यांची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना शिकवलं आणि ते पहिल्या फेरीत सगळ्या पेपरांत पास झाले. आमच्यातली जी चार जणं मध्येच गळली, ती माझ्यापेक्षा हुशार होती, पण त्यांचा पुस्तकांशी रोजचा संबंध नव्हता. कुठली तरी पदवी हवी म्हणून ही घेतली होती. मला पहाटे वाचलेलं सकाळी दहा वाजता कपाटासमोर करून बघता येत होतं. माझी ठाम समजूत झाली आहे की नोकरी करत शिकायचं तर रोजच्या कामाला चिकटलेला विषय घ्यावा. तास कुठून आणायचे हा प्रश्न त्याने निम्मा सुटतो.

भारतातल्या ग्रंथालय चळवळीचा घटक वाचताना मी थबकले, कारण ती आमच्या गावाची गोष्ट होती. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सबंध राज्याला लावलं. शिकलेल्या लोकांना पुढे वाचायला पुस्तकं हवीत म्हणून 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणलं. 1911 मध्ये इथे ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग निघाला, देशातल्या अगदी पहिल्या वर्गांपैकी एक. गावोगावी पेट्यांतून पुस्तकं जायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीवरून मी हजार वेळा गेले असेन, भाजी घेऊन, मुलीला शाळेत सोडून. त्या शनिवारी आत गेले. लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेची फरशी, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. पुस्तकात 'प्रकाशयोजना' या शब्दाखाली जे लिहिलं होतं ते माझ्या पायाखाली होतं.

नापास झाले ती तालिकीकरणात. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं कार्ड, त्यावर प्रत्येक विरामचिन्हाची जागा ठरलेली. नोंद कोणत्या नावाखाली करायची हा खरा घोळ. मराठी लेखकाची नोंद आडनावाने, संताची थेट नावाने, दक्षिणेकडच्या अनेकांचं आडनावच नसतं, आणि सरकारी अहवालाला माणूस लेखकच नसतो. मी नियम वाचत राहिले, कार्डं केली ती मोजून तीस. पुढच्या सहा महिन्यांत शाळेतलीच पुस्तकं घेऊन तीनशे कार्डं केली आणि पेपर निघाला. या पेपराला वाचून पास होता येत नाही. कोहासारख्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची ओळख अभ्यासक्रमात आहे, पण तोंडदेखली. ते घरी बसून वेगळं शिकावं लागतं.

पैशांचं थोडक्यात: सगळं मिळून माझ्या एका महिन्याच्या पगाराहून कमी खर्च आला. पगार अजून वाढलेला नाही. ग्रंथपालपदासाठी अर्ज दिला आहे, फाईल संस्थेकडे आहे, आणि त्या आशेवर कुणी प्रवेश घ्यावा असं मी म्हणणार नाही. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि मदतीला कुणी नसेल, तर एक वर्ष थांबा. बहुतेक ठिकाणी पदवी पूर्ण करायला किमान मुदतीहून बरीच जास्त वर्षं मिळतात, तेव्हा दोन वर्षांत विभागून करण्यातही काही कमीपणा नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सोळापैकी अकरा कपाटं लावून होतील. क्रिकेटचं पुस्तक आता 796.358 वर आहे, तिसऱ्या कपाटात, दुसऱ्या फळीवर. तो मुलगा नववीत गेलाय. मधल्या सुट्टीत मी त्याला हाक मारून दाखवलं. त्याने ते चाळलं, परत जागेवर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, आना पछीनो नंबर कयो?" याच्या पुढचा नंबर कुठला?