छताला टांगलेल्या सहा दांड्या आणि आमचं बाळ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत. पाळणा नाही, झबलं नाही, खुळखुळासुद्धा नाही. त्यामुळे मला पाचवा लागला तेव्हा तयारी म्हणून आम्ही जी पहिली वस्तू घेतली, ती सासूबाईंच्या हिशेबात 'घरासाठी' होती. छताला टांगायचा, दोरीने खालीवर होणारा, सहा दांड्यांचा कपडे वाळवायचा हँगर. फेब्रुवारीत बसवला, आता नोव्हेंबर चालू आहे आणि बाळाला साडेचार महिने झालेत. घेण्याआधी मी या हँगरबद्दल लोकांनी लिहिलेलं बरंच वाचलं होतं, पण बहुतेकांनी बसवल्याच्या आठवडाभरात लिहिलेलं होतं. त्यात पावसाळा नव्हता आणि लंगोट नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, पुनर्विकास झालेल्या इमारतीत नवव्या मजल्यावर. गॅलरी नऊ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. ग्रिलच्या बाहेर कपडे टाकायला सोसायटीत मनाई आहे. आधी आमच्याकडे घडीचं स्टँड होतं. ते उघडलं की हॉलमधून स्वयंपाकघरात जायला वाट उरायची नाही आणि खालच्या दांडीवर कपडा टाकायला दर वेळी वाकावं लागायचं. पोट दिसायला लागल्यावर ते वाकणं नको व्हायला लागलं. गॅलरीत वर बांधलेल्या तारेवर टाकायचं तर स्टुलावर चढावं लागायचं, आणि ते सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बंद केलं.

हँगर साधा आहे. स्टीलच्या सहा फुटी सहा दांड्या, प्रत्येकीला स्वतंत्र नायलॉनची दोरी, छताला दोन पट्ट्या आणि त्यात कप्प्या. दोरी सोडली की दांडी छातीपर्यंत खाली येते, उभ्या उभ्या कपडे घालायचे, ओढून वर घ्यायची आणि भिंतीवरच्या हुकाला दोरी गुंडाळायची. दोन हजार दोनशेला पडला, बसवायचे पाचशे वेगळे.

इथे पहिली गोष्ट सांगते, गरोदर बाईसाठी घेत असाल तर ती महत्त्वाची आहे. असल्या कप्पीने ओझं हलकं होत नाही. फक्त ओढायची दिशा बदलते. ओल्या चादरीचं जेवढं वजन, तेवढाच जोर हाताला लागतो. मशीनमध्ये नीट पिळून निघालेले कपडे ठीक जातात, पण हाताने पिळलेली डबलची चादर मला सातव्या महिन्यात ओढवेना. तेव्हापासून वाटणी ठरली. कपडे मी घालायचे आणि दांड्या वर नवऱ्याने घ्यायच्या, सकाळी सात दहाला डबा घेऊन निघायच्या आधी.

आता तक्रार. ज्या दुकानातून घेतला त्यांचाच माणूस बसवायला आला होता. आमच्या गॅलरीत पीओपीचं, म्हणजे स्लॅबच्या खाली प्लास्टरचं खोटं छत केलेलं आहे. त्याने पीओपीलाच भोकं पाडून स्क्रू मारले आणि निघून गेला. आम्हाला कळायचं कारण नव्हतं. मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. धुतलेल्या गोधडीसकट दोन दांड्या आणि एका बाजूची पट्टी खाली आली होती, फरशीवर पांढरा चुरा. खाली कोणी नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि हात पोटावर गेला, कारण दोन महिन्यांनी इथेच बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसायचं असं आमचं ठरलं होतं. दुकानाला फोन केला तर बसवण्याची जबाबदारी आमची नाही म्हणाले. शेवटी सोसायटीचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनदादांनी पीओपी कापून वर स्लॅब गाठला, काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर ठोकले आणि स्वतः एका पट्टीला लोंबकळून दाखवलं. त्यानंतर सहा महिन्यांत काही हललेलं नाही. तुमच्याकडे पीओपी असेल तर ड्रिल चालू व्हायच्या आधी माणसाला विचारा, की स्क्रू स्लॅबमध्ये जातोय का. आणि तो ठोकत असताना तिथे उभे राहा.

सासूबाईंना हँगर पहिल्या दिवसापासून आवडला. त्या नायगावच्या बीडीडी चाळीत वाढल्या. १९२०च्या दशकातल्या त्या इमारती, १६० चौरस फुटांची खोली, आणि त्यात आठ माणसं. छताखाली दोन टोकांना दोरीने बांधलेला वासा असायचा आणि काठीच्या टोकावर कपडा घेऊन तो वाशावर पसरायचा. नऊवारी लुगडं काठीने एकसारखं पसरायला हाताला वळण लागतं, त्या सांगतात. पावसात धाकट्या भावाचे लंगोट सुकेनात तेव्हा त्यांची आई शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून वर दुपटी पसरायची आणि एक मुलगी राखणीला बसवायची. ती मुलगी म्हणजे सासूबाई. आमच्या दांड्या दोरी सोडून पहिल्यांदा खाली घेतल्या तेव्हा त्यांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा वासाच आहे की. काठी तेवढी गेली."

एप्रिलमध्ये डोहाळजेवण झालं आणि माझी आई चिपळूणहून आली ती परत गेलीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर इथले, म्हणून माहेरच इथे आलं. येताना तिने आजोबांची मलमलची जुनी धोतरं आणली होती. विकत काही आणायचं नसलं तरी घरातलं फाडून शिवायला हरकत नसते. गॅलरीच्या दारात बसून तिने त्याचे तीसेक लंगोट आणि बारा दुपटी शिवली. पांढऱ्यावर पांढरा टाका तिला दिसत नाही, म्हणून कडेला निळ्या दोऱ्याची बारीक धावदोऱ्याची टीप घातली. ते सगळं धुऊन दांड्यांवर चढलं तेव्हा घरात बाळ येणार आहे हे मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

सासूबाईंनीही ट्रंकेतल्या मऊ साड्या काढल्या होत्या, पण त्यांना डांबरगोळ्यांचा उग्र वास होता. तपासणीच्या वेळी सहज विचारलं तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या बाळाच्या जवळ नकोत. काही बाळांना जन्मतः जीसिक्सपीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि ते आधी कळलेलं नसतं. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ एकदम वाढू शकते. त्या साड्या आम्ही बाळाच्या कपड्यांतून पूर्ण बाजूला काढल्या. सासूबाईंना वाईट वाटलं, कारण त्यातली एक त्यांच्या आईची होती. पण त्यांनीच कपाटातल्या उरलेल्या गोळ्याही वेचून टाकल्या. हे हँगरबद्दल नाही, मला माहीत आहे. तरी ज्या घरात आज जुन्या ट्रंका उघडल्या जात असतील तिथे हे पोचायला हवं.

जूनच्या अखेरीला बाळ झालं आणि पाऊसही तेव्हा जोरात होता. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी २२०० मिलिमीटरहून जास्त पडतो, त्यातला सगळ्यात मोठा वाटा जुलैचा. म्हणजे लंगोटांचा महिना आणि पावसाचा महिना एकच. पण आधी चौथ्या दिवसाबद्दल लिहिते.

चौथ्या दिवशी बाळ रात्रभर रडत होतं. मला दूध पुरेसं येत नाही असं वाटत होतं. आई म्हणत होती वरचं दूध देऊन बघू, सासूबाई म्हणत होत्या थोडं थांबू. मी दोघींच्या मध्ये बसून रडत होते. बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी विचारलं, शू किती वेळा होते? पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा होत असेल तर दूध पोचतंय, असं ते म्हणाले. डायपर असता तर आम्हाला नेमकं सांगता आलं नसतं. सासूबाईंनी भिंतीकडची दांडी रिकामी केली. सकाळी सहापासून पुढच्या सकाळी सहापर्यंत जेवढे लंगोट ओले होतील तेवढे धुऊन डावीकडून ओळीने त्याच दांडीवर, दुसरं काही त्यावर टाकायचं नाही. पहिल्या दिवशी चार झाले. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या पहाटे मी पाजून उठले आणि गॅलरीचा दिवा लावला. निळ्या टाक्याचे सात लंगोट एका ओळीत. मी दोनदा मोजले. मग आईला उठवून मोजायला लावले. आठवड्याने वजन केलं तेव्हा ते वाढलेलं होतं, पण माझ्या मनातली भीती त्या पहाटे दांडीखाली उभी असतानाच गेली होती.

आता वाळण्याबद्दल. एप्रिलमध्ये दुपदरी लंगोट तीन तासांत कडक वाळायचा. जुलैत बंद गॅलरीत, पंख्याशिवाय, दोन दिवस झाले तरी सर्दच. वर कुबट वास. हवेतच इतकी वाफ असते की कपड्यातलं पाणी बाहेर पडायला तयार नसतं, त्यामुळे कपडे नुसते उंच टांगून काही होत नाही, वारा लागतो. आम्ही भिंतीवर छोटा पंखा लावला, आडवा वारा जाईल असा, आणि दांड्या एका पातळीत न ठेवता जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वरखाली ठेवल्या. प्रत्येक दांडीला वेगळी दोरी असण्याचा खरा उपयोग इथे कळला. दोन लंगोटांत चार बोटं अंतर, दुपटं दुमडून न टाकता एकेरी. एवढं केल्यावर आठ-नऊ तासांत वाळायला लागले आणि शेवटची ओल इस्त्रीने काढायची. एक केलेली चूक सांगते. मुसळधार पावसात आम्ही दोन दिवस गॅलरीची खिडकी गच्च लावून पंखा चालू ठेवला. तीच ओली हवा आत फिरत राहिली आणि कोपऱ्यात भिंतीला बुरशी आली. खिडकी चार बोटं तरी उघडी हवी.

शीचे पिवळे डाग पावसाळाभर राहिले. आधी गार पाण्यात बुडवून ठेवायचे, गरम पाणी पहिल्यांदा नाही, हे आईने शिकवलं. तरी पिवळसर छटा राहायची. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर तेच लंगोट ओलेच उन्हात ठेवले आणि दोन दिवसांत पांढरे झाले. लंगोटांना सुगंधी सॉफ्टनर लावू नका, मऊ वाटतात पण पाणी शोषेनासे होतात.

हँगरची झीज सांगायची तर दांड्यांना गंज नाही. दांड्यांच्या टोकांच्या दोन टोप्या निघाल्या, तशा दुसऱ्या मिळाल्या नाहीत, कापड गुंडाळलंय. दोऱ्या मात्र कप्पीवर घासून तुसाळल्या. ज्या दांडीवर रोज कपडे त्या दांडीची दोरी सगळ्यात आधी. वापराच्या सातव्या महिन्यात आम्ही सहाही दोऱ्या बदलल्या, त्याच जाडीची नायलॉनची दोरी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळाली. तुटायची वाट बघू नका.

आणि दोरीचीच आणखी एक गोष्ट, ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. सहा दांड्यांच्या दोऱ्यांची टोकं भिंतीशी लोंबत असतात. बाळ आता हाताला लागेल ते मुठीत धरतं. लोंबणारी दोरी किंवा तिचा फास लहान मुलाच्या गळ्याशी जाऊ शकतो. आम्ही हूक जमिनीपासून साडेपाच फुटांवर घेतला, जास्तीची दोरी कापून गुंडाळून वर बांधली. पाळणा किंवा बाळाची गादी दांड्यांच्या खाली कधीच नाही, कपडे नसले तरी नाही. मेमधली ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

घर छोटं, बाहेर कपडे टाकायला बंदी आणि बाळंतपण पावसाळ्यात, असं असेल तर हा हँगर घ्या, आणि शक्यतो सहाव्या महिन्याच्या आधी बसवून घ्या. घरात दांड्या ओढायला दुसरं कोणी नसेल तर मात्र सहा फुटी नको, चार फुटी घ्या.

नणंद डोंबिवलीला असते, तिला गेल्या आठवड्यात पाचवा लागला. बाळाला लहान झालेली दुपटी आईने धुऊन, घड्या घालून तिच्यासाठी पिशवीत भरलीत. काल तिने गॅलरीचं माप पाठवलं, सात फूट. छत पीओपीचं आहे का, एवढं मी तिला विचारलंय. तिचं उत्तर आल्यावर आमचे इलेक्ट्रिशियनदादा रविवारी तिच्याकडे जाणार आहेत.