यूबीकी ५सी एनएफसी: वर्षभर वापरून
फोंड्याला घरूनच काम करतो, क्लाऊडवरचे सर्व्हर सांभाळायचे म्हणजे दिवसातून दहादा लॉगिन, आणि पावसात लाईट गेली की वायफाय इन्व्हर्टरवर चालतं पण मोबाईलची रेंज जाते, मग ओटीपीची वाट बघत बसा. आता यूबीकी, म्हणजे पेनड्राइव्हसारखी लॉगिनची चावी, लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टात घालायची, पिन टाकायचा, सोनेरी गोलाला बोट लावायचं, झालं. बॅटरीची भानगड नाही. सगळ्यात भारी म्हणजे खोट्या साईटवर ही चालतच नाही, पत्ता ब्राउझर तपासतो, ओटीपी मात्र आपण घाईत कुठेही टाकून मोकळे होतो. चवथीला साखळीला गेलो आणि चावी राहिली फोंड्याला ड्रॉवरात, अख्खी सकाळ गेली. महाग आहे तरी दोन घ्याच, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाऊड सेवा) रूट, म्हणजे मुख्य अकाउंटला ८ पर्यंत जोडता येतात.