कोंबड्यांच्या खाद्यात हळद, लसूण, शेवगा: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आम्ही मिरज तालुक्यातले. परसात गिरिराज (सुधारित जात) आणि गावठी अशा मोजक्याच कोंबड्या आहेत. हिवाळ्यात त्यांच्या खाद्यात घरचे मसाले घालायला लागले, आता पावसाळा सरत आला. शेवग्याचा पाला आणि लाल मिरची मी कायम ठेवणार. हळद, लसूणही चालू राहील. ओवा बंद केला, कारण कोंबड्या तो चोचीनं बाजूला सारतात आणि वाया जातो.

हळद तर आपल्या घरचीच. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कौतुक मलाही आहे. पण हळदीनं बलक पिवळाधमक होतो असं जे सगळे सांगतात, ते मला दिसलं नाही. बलकाला रंग देणारी झँथोफिल द्रव्यं हिरव्या पाल्यात आणि पिवळ्या मक्यात असतात. नुसती हळद चालू होती तोवर अंडी होती तशीच होती. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून द्यायला लागल्यावर काही आठवड्यांत फरक पडला. सासूबाईंनी एका ताटलीत घरचं आणि दुकानचं अंडं शेजारी शेजारी फोडलं, तर घरचा बलक केशरी आणि उभा राहिलेला, दुकानचा फिकट आणि पसरलेला. मिरचीनं रंग आणखी गडद होतो. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळं बिनधास्त खातात.

हळदीचं प्रमाण किलोभर खाद्याला सपाट चहाचा चमचा. सोबत चिमूटभर मिरपूड आणि थोडं शेंगतेल, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. भुकटी कोरडीच मिसळली तर भांड्याच्या तळाशी बसते आणि कोंबड्या वरचा मक्याचा भरडा तेवढा टिपतात. म्हणून मी लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य, ताकात ओलसर करून देते, तेही एका वेळी संपेल एवढंच. पावसाळ्यात ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं, बुरशी धरतं, आणि बुरशीचं विष कोंबड्यांना फार वाईट. लसूण ठेचून आठवड्यातून दोनदा. अंड्याला त्याचा वास येईल ही भीती होती, पण घरात कुणालाच जाणवला नाही.

अंडी वाढली का, असं शेजारच्या काकू नेहमी विचारतात. नाही वाढली. अंडी प्रथिनांवर, कॅल्शियमवर आणि दिवसाच्या उजेडावर ठरतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवलेला असतो, कवच घट्ट येतं ते त्यामुळं.

आणि एक कळकळीनं सांगते. हळद-लसूण देतोय म्हणून लस टाळू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की कोणताही काढा चालत नाही, खुराडं रिकामं होतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही मानमोडीची लस द्यायचीच, पुढची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. पिल्लांच्या खाद्यात मी मसाला घालत नाही, तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबड्या, झाल्यावरच सुरू करते.