खाणीतले पाणी: साठवावे, जिरवावे की खड्डा राखेने भरावा?

महामार्गाच्या चौपदरीकरणाला आणि घरबांधणीला मुरूम-खडी पुरवून रिकाम्या झालेल्या खाणी धुळे-जळगाव भागात अनेक गावांच्या शिवारात आहेत आणि पावसाळ्यानंतर त्यांत पाणी तुंबलेले दिसते. अशा खाणीचे काय करायचे, हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला, की पाणी साठवून उपसावे, जमिनीत जिरवावे किंवा खड्डा बुजवून टाकावा, अशा तीन सूचना पुढे येतात. माझ्या मते हा निर्णय खाणीच्या तळाशी काय आहे यावरून व्हावा. गावात कोणत्या योजनेचा फॉर्म आला आहे, यावरून नव्हे.

खाणीत साठलेल्या पाण्याबाबत कोळसा खाणींचा अनुभव आपल्याला अर्धाच लागू पडतो. कोळशासोबतच्या पायराइट खनिजाला हवा-पाणी लागले, की गंधकाम्ल तयार होते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांमधले ओढे त्यामुळेच आम्लधर्मी झाले आहेत. आपल्या काळ्या पाषाणात हा धोका जवळपास नाही. मात्र सुरुंगाच्या दारूतील अमोनियम नायट्रेटचे अवशेष पाण्यात उतरू शकतात, म्हणून पाणी पिण्यासाठी वापरण्याआधी नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असल्याची खात्री करून घ्यावी. कोळसा खाणींकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतील कोळसा खाणींसाठीच्या १९७७ च्या कायद्याखालील नियमांनुसार खाणीच्या जागी तळे कायम ठेवायचे असेल, तर पाण्याची पातळी टिकणारी असावी लागते, पाणी ठरलेल्या वापराला योग्य असावे लागते आणि काठापर्यंत सुरक्षित उतरता यावे लागते.

पातळी टिकते का, हे पाहणे सोपे आहे. दिवाळीनंतर खडकाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेपाशी रंगाचा पट्टा ओढावा आणि महिनाभर उपसा पूर्ण बंद ठेवावा. त्या दिवसांत बाष्पीभवनाने पाणी साधारण १० ते १५ सेंटिमीटर उतरते. तेवढेच उतरले, तर तळ घट्ट आहे. हातभर किंवा त्याहून जास्त उतरले, तर पाणी खाली मुरते आहे.

तळ घट्ट असेल, तर साठवण हाच उत्तम पर्याय आहे. एक एकराच्या उभ्या भिंतींच्या खाणीत ६ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २४ हजार घनमीटर भरते. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल, दीडास एक उताराच्या (दीड मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खोली) शेततळ्यात मात्र दोन हजार घनमीटरही मावत नाही, म्हणजे ही एक खाण बारा शेततळ्यांच्या बरोबरीची झाली, तीही प्लास्टिकचा कागद न अंथरता. मे महिन्यात पाणी दिवसाला सेंटिमीटरभर उडते, असे धरले, तरी एकरामागे रोज ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर हवेत जातात. पण खोलीच्या मानाने उघडा पृष्ठभाग लहान असल्यामुळे ही घट उथळ तळ्यापेक्षा परवडते.

साठवणीला लाभदायक ठरणारी हीच उभी भिंत जिवावरही उठते. पोळ्याला बैल धुवायला नेणाऱ्याला पहिले पाऊल गुडघाभर पाण्यात टाकता येते, दुसऱ्या पावलाला तळच लागत नाही, आणि आत पडलेल्या जनावराला वर यायला कुठेही उतार सापडत नाही. म्हणून तीन बाजूंना कुंपण घालावे आणि चौथ्या बाजूला निदान तिनास एक उताराची, खडीची रुंद वाट पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीपर्यंत न्यावी. साठवणीच्या अंदाजपत्रकात हा खर्च मोटारपंपाच्या आधी लिहावा.

तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपड्याकडे, हिशेब वेगळा आहे. तिथे केळीसाठी भूजलाचा उपसा प्रचंड आहे, म्हणून खड्ड्यातले पाणी उघड्यावर ठेवण्यापेक्षा जमिनीत घालणे अधिक फायद्याचे. पण गाळाची जमीन म्हणजे पाणी मुरणारच, असे समजू नये. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद आणि खोल करण्याचे जे काम केले, त्यामागचे एक कारण हेच होते, की वरची पिवळी माती पाणी खाली जाऊ देत नव्हती. तुमच्या खड्ड्याचा तळ त्या मातीतच संपत असेल, तर वाळूच्या थरापर्यंत पुनर्भरणाचा शाफ्ट, म्हणजे पाणी खाली नेणारा उभा अरुंद खड्डा, घ्यावा लागेल. शिवाय नाल्याचे पाणी आत सोडण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी स्वतंत्र हौद हवा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत तळ लिंपल्यासारखा बंद होतो. गावची गटार तर या खड्ड्यात मुळीच सोडू नये, कारण तेच पाणी पुढे शेजारच्या विहिरीत उतरते.

राहिला भरावाचा पर्याय. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रामुळे राख जवळच मिळते, आणि डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने सोडून दिलेल्या खाणी राखेने भरायला वाट करून दिली आहे. तरीही राखेतून आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम पाण्यात झिरपू शकतात, म्हणून ज्या खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीला लागतो तिथे मी या पर्यायाचा विचारही करणार नाही. शाळेला किंवा वस्तीला खेटून असलेला, तळ कोरडा राहणारा लहान खड्डा असेल, तर भराव करावा, पण राखेऐवजी खाणीच्याच कडेला पडलेल्या मातीने.

कोणताही पर्याय निवडला, तरी आधी सातबारा काढून पाहावा. जमीन गायरान असेल किंवा खाणपट्ट्याची मुदत संपलेली नसेल, तर महसूल विभागाच्या परवानगीवाचून तिथे कुंपणाचा खांबसुद्धा रोवू नये.