४०७ चा मऊ ब्रेक आणि शिरोलीतलं गॅरेज : माझ्याकडून पाचपैकी साडेचार

आमच्या घरी टाटा ४०७ आहे, २००४ ची, आण्णा म्हणजे माझे वडील स्वतः चालवतात. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातनं गूळ भरायचा आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचवायचा, सीझनला आठवड्याला तीन फेऱ्या. त्यामुळं ब्रेकच्या बाबतीत आमच्याकडं "बघू पुढच्या महिन्यात" हे चालत नाही, मागं दोन टन माल असतो आणि समोर घाटातलं वळण असतं.

पावसाळ्याच्या तोंडाला आण्णा म्हणायला लागले की पेडल मऊ लागतंय, स्पंजावर पाय ठेवल्यागत, आणि पाय उचलला तरी पेडल लगेच वर येत नाही, सावकाश येतं. गणपतीच्या आधी ओळखीच्या एका गॅरेजला दाखवली, त्यांनी दोन-चार दाबात ऐकवलं की मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडं ढकलणारा भाग, गेलाय. नवीन मास्टर टाकला, एअर म्हणजे ब्रेकच्या पाईपात अडकलेली हवा काढली, आठ-दहा दिवस पेडल मस्त. दिवाळीपर्यंत परत जैसे थे. परत नेली तर म्हणाले आता बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, बदलावा लागेल, आणि बूस्टरचा आकडा ऐकून आम्ही गाडी तशीच घेऊन आलो.

मार्गशीर्षात आण्णा भरल्या गाडीनं आंबा घाट उतरत होते. साखरपा यायच्या आधी पेडल जवळजवळ फळीला टेकलं. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून बघतात तर पुढच्या दोन्ही चाकांमधून जळका वास, जवळ हात नेता येईना. पाऊण तास थांबले आणि पेडल आपोआप बऱ्यापैकी वर आलं. मला फोन केला तेव्हा आवाज अगदी नॉर्मल होता, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग यार्डातल्याच एका ड्रायव्हरनं पुलाची शिरोलीच्या एमआयडीसीतल्या ह्या गॅरेजचा पत्ता दिला. बोर्डबिर्ड काही नाही, पत्र्याचं शेड, बाहेर चार-पाच ४०७ आणि जुन्या पिकअप लागलेल्या असतात त्यावरून ओळखायचं. मेस्त्री साठीच्या आसपासचे असतील. मी जाऊन सांगितलं की मास्टर बदललाय, बूस्टर बदलायला सांगितलाय, तर त्यांनी ते सोडूनच दिलं आणि आण्णांना विचारलं, "मालक, गार असताना पेडल कसं असतंय आणि घाट उतरल्यावर कसं असतंय?" पाच महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. गाडी कायम सकाळी, गार आणि रिकामी दाखवलेली, मग आजार दिसणार कुठून.

बूस्टरचा निकाल त्यांनी एका मिनिटात लावला. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारलं, कडक झाल्यावर पाय तसाच दाबून ठेवला आणि मला स्टार्टर मारायला लावला. इंजिन सुरू झाल्याबरोबर पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं. म्हणजे व्हॅक्युम पंप बूस्टरमधली हवा ओढतोय, बूस्टर काम करतोय, त्याला हात लावायचा नाही. केवढे पैसे वाचले बघा. तसंच पाय हलका दाबून एक मिनिट धरला, पेडल हळूहळू बुडतंय का ते बघितलं, बुडत नव्हतं, म्हणजे मास्टर आतल्या आत तेल सोडत नव्हता.

नंतर ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली, "पोरा, हिकडं ये, हे बघ." झाकणाच्या आतलं रबर फुगून लाटांसारखं झालं होतं, बोटानं दाबून परत खाचेत बसवायला गेलं तर बसतच नव्हतं, मोठं झालेलं. त्यांनी चहाचा रिकामा काचेचा ग्लास घेतला, अर्धा पाण्यानं भरला आणि डबीतलं थोडं तेल त्यात सोडलं. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं, पण आमच्या ग्लासात वर तेलाचा तवंग तरंगत राहिला. म्हणजे ब्रेक ऑईलमध्ये दुसरं कुठलं तरी तेल गेलंय. आण्णांना तेव्हा आठवलं की जूनमध्ये डबीत तेल कमी दिसलं म्हणून बदली ड्रायव्हरनं केबिनमधल्या कॅनमधलं ओतलं होतं, आणि त्या कॅनमध्ये आमच्या दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंगचं तेल होतं.

ह्याच्यानंतर मेस्त्रींनी जे समजावलं ते मी सगळ्या ४०७ वाल्यांसाठी लिहितोय. ब्रेकच्या आतली रबरं ब्रेक ऑईलला चालणारी असतात, त्यांना इंजिन ऑईल, स्टिअरिंगचं तेल, डिझेल असलं काही लागलं की ती फुगतात. मास्टरच्या आत एक बारीक भोक असतं, पाय उचलला की चाकाकडचं तेल तिथनं डबीत परत येतं. फुगलेलं रबर त्या भोकावर बसलं की तेल परत यायला जागाच राहत नाही, म्हणून पेडल सावकाश वर येतं आणि पाय काढला तरी लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासत राहतात. घासले की तापतात. तापले की तेल तापतं, आणि आमचं तेल दोन-तीन वर्षांचं, हवेतलं पाणी पिऊन बसलेलं. डॉट ३ दर्जाचं नवीन ब्रेक ऑईल २०५ डिग्रीच्या पुढं उकळतं, पण पाणी शोषलेल्या तेलाची हद्द १४० पर्यंत खाली येते. तेल उकळलं की पाईपात वाफ, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल स्पंज. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत वर. साखरप्याच्या वर पाऊण तासात जे झालं ते हेच.

नवीन मास्टर दोन महिन्यांत का गेला तेही कळलं, पाईपात तेच खराब तेल राहिलं आणि त्यानं नवीन रबरंही फुगवली. इथं मला पहिल्या गॅरेजचा खरंच राग आला, कारण डबीचं झाकण त्यांनीही उघडलं होतंच की.

काम तीन दिवस चाललं. मास्टरची किट, चारही चाकांच्या व्हील सिलेंडरची (चाकापाशी लायनर ढकलणाऱ्या भागाची) रबरं, सगळे होज पाईप, डबीच्या झाकणाचं रबर, जिथं जिथं रबर तिथं तिथं नवीन. लोखंडी पाईप स्पिरिटनं धुऊन हवा मारून कोरडे केले. मी विचारलं पेट्रोलनं नाही का धुणार, तर म्हणाले पेट्रोल-डिझेल म्हणजे परत तोच रोग. पुढच्या डाव्या चाकाचा जुना होज त्यांनी मधोमध कापून दाखवला, बाहेरून धडधाकट आणि आतलं भोक सुजून सुई जाईल एवढं राहिलेलं. पुढचे लायनर जळून काचेसारखे चकचकीत झाले होते, ते दोन्ही बाजूचे बदलले. मागचे चांगले होते, नुसते ॲडजस्ट केले. हे मला आवडलं, बदलायचे म्हणाले असते तर आम्ही बदललेच असते.

एअर काढायला आधी मागचं डावं चाक, कारण मास्टरपासून सगळ्यात लांब तेच, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या एअर काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, आत पोऱ्या पेडलवर, बाहेर मेस्त्री, "मार... मार... धर!" आणि निप्पल उघडून बंद. बुडबुडा यायचा थांबल्यावरही प्रत्येक चाकाला आणखी पाच-सहा वेळा केलं. मग एकेक चाक जॅकवर उचलून ब्रेक दाबायचा, सोडायचा आणि लगेच चाक हातानं फिरवायचं. चारही चाकं सोडल्याबरोबर फिरली.

सगळं मिळून ११,८०० घेतले, सामानाच्या पावत्या वेगळ्या दिल्या आणि जुने पार्ट पिशवीत घालून दिले. पहिल्या गॅरेजला गेलेले पैसे धरले तर आम्हाला महागच पडलं, पण ह्यांच्याकडं आधी गेलो असतो तर नसतं पडलं.

अर्धा मार्क कापला त्याची कारणं पण सांगतो. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, गाडी झाली का बघायला मला दोनदा शिरोलीला हेलपाटा पडला. दीड दिवस म्हणाले आणि तीन दिवस लावले, सीझनमध्ये गाडी उभी राहणं परवडत नाही, आमची एक फेरी दुसऱ्याला द्यावी लागली. बसायला जागा नाही, ऊन असेल तर हाल. ट्रक-पिकअप सोडून कार घेऊन गेलात तर सरळ परत पाठवतात.

आता दीड महिना झाला, घाटाच्या अठरा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला मी सोबत गेलो होतो. साखरप्यात चहाला थांबल्यावर आण्णा आधी चाकांपाशी गेले, चारही ड्रमजवळ हात धरून बघितला, गरम होते पण सगळे सारखेच, मग येऊन बाकावर बसले आणि चहाबरोबर दोन वडे मागवले.

जायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोचा, अमावस्येला बंद असतं, आणि आधी कुणी काय काय बदललंय त्याच्या पावत्या सोबत न्या, ते विचारतात.