परदेशातले पहिले आठ दिवस आणि १.२ लिटरचा प्रवासी कुकर

एकेका देशात दोन-तीन महिने मुक्काम करत फिरणाऱ्या जोडप्याने बॅगेत ठेवावी अशी वस्तू म्हणून हा छोटा विजेचा कुकर आम्हाला पसंत आहे. मात्र तो ज्या अवस्थेत दुकानातून मिळतो, त्या अवस्थेत नाही. माप १.२ लिटर, ६०० वॉट, आत स्टीलचं भांडं, बाहेर प्लास्टिकचं आवरण, काचेचं झाकण, मंद आणि मोठी आच असं दोन टप्प्यांचं बटण. तुळशीबागेच्या आसपास भांड्यांच्या दुकानांत साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. वजन किलोभर.

त्याची खरी गरज पडते ती उतरल्यावरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत. हिवाळ्यात लिस्बन पुण्याच्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे इथे सकाळी आठला लागणारी भूक तिथे रात्री अडीचला लागते, तेव्हा बाहेर काही उघडं नसतं. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. त्या अडीच वाजता भरपेट जेवलं तर झोपेची घडी आणखी बिघडते; वाटीभर मऊ भात, मंद दिवा आणि परत अंथरूण, एवढंच करावं. मोठं जेवण तिथल्या दुपारी, तिथल्या घड्याळाप्रमाणे घ्यावं. मऊ भात आणि मेतकूट यासाठी हा कुकर अगदी बरोबर आहे.

माप मात्र सांभाळायला हवं. १.२ लिटर हा आकडा भांड्याच्या काठापर्यंतचा असतो. तांदूळ शिजवताना भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. दोघांच्या खिचडीला १५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ. अर्धा तास भिजवून मोठ्या आचेवर उकळी आणायची, त्याला सात-आठ मिनिटं लागतात. मग झाकण तिरकं करून मंद आचेवर पंधरा मिनिटं, मध्ये दोनदा तळापासून ढवळायचं. शेवटी बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. आंबेमोहर किंवा इंद्रायणी असेल तर झाकण तिरकं ठेवणं चुकवू नका. त्यांच्या पेजेला दाट फेस येतो आणि तो बटणापर्यंत उतू जातो. ही भांडी अनेकदा अशाच ओलीने बंद पडतात.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे खिचडी अर्धी कच्ची असतानाच कुकर आपोआप बंद होतो. तो बिघाड नसतो. मिश्रण घट्ट झालं की तळाला चिकटतं, तळ जास्त तापतो आणि सुरक्षेची कळ वीज तोडते. अर्धी वाटी गरम पाणी घालून तळ मोकळा करावा, पाच-दहा मिनिटं निवू द्यावं, मग मंद आचेवर पुन्हा लावावं.

तूरडाळ यात शिजवायला जाऊ नका, कारण वाफेचा दाब नाही. मूग आणि मसूर चालतात. तेही पाण्यावर अवलंबून आहे. पुण्याला खडकवासल्याचं मऊ पाणी मिळतं, त्यामुळे डाळ पटकन शिजण्याची सवय असते. लंडनचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ लवकर मऊ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की फरक पडतो. उंचीचाही हिशेब आहे. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १,४०० मीटरवरच्या काठमांडूत ९५ला, आणि पेरूतल्या कुस्कोला, ३,४०० मीटरवर, ८९ला. कुस्कोत डाळ विसरून भात आणि उपम्यावर भागवावं. उपम्यासाठी रवा घरीच फोडणीत भाजून, पूर्ण गार करून हवाबंद पिशवीत न्यावा. तिथे खोलीत फोडणी करायची नाही, धुराचा भोंगा वाजतो. नुसत्या वाफेनेही वाजू शकतो, म्हणून कुकर खिडकीशी ठेवावा. बऱ्याच हॉटेलांत खोलीत शिजवायला बंदी असते, ते खोली घेण्याआधी विचारून घ्यावं.

आता विजेचं बघू. बरेच कुकर इथेच वाया जातात. जपानमध्ये १०० व्होल्ट, तैवानमध्ये ११०, अमेरिकेत १२०. व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता पाववर येते. २३० व्होल्टचा ६०० वॉटचा कुकर अमेरिकेत साधारण १६० वॉट देतो, जपानमध्ये ११३. पाणी कोमट होत राहतं, धड उकळत नाही. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. दोन्ही व्होल्टेजवर चालणारा कुकर मिळतो, पण त्याच्या तळाशी एक कळ असते. ती ११० वर राहून गेली आणि २३० च्या भिंतीत लावला, तर चौपट वीज ओढून कॉइल जळते. देश बदलला की आधी ती कळ बघायची, मगच प्लग लावायचा.

याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. सगळ्या देशांत चालणारे जे चौकोनी अडॅप्टर मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत अर्थिंगची जोडणीच नसते. तिसरी पिन आत जाते, पण ती पुढे कुठेच जोडलेली नसते. पाण्याच्या, धातूच्या भांड्याला हे चालणार नाही. भारतीय तीन पिनांच्या प्लगच्या खालच्या दोन पिना ५.१ मिलिमीटरच्या असतात, युरोपातल्या सॉकेटची भोकं ४.८ च्या पिनांसाठी. जोर लावून बसवल्या तर सॉकेट सैल होतं आणि तापतं. व्हिएतनाममधल्या जुन्या इमारतींत तर सॉकेटलाच अर्थिंग नसतं. तिथे बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेलाच कुकर वापरा, ओल्या हाताने झाकणसुद्धा उचलू नका आणि ढवळण्याआधी प्लग काढा.

उपाय सोपा आहे. वायर सुटी होणारा कुकर घ्या, ज्याच्या पाठीला डेस्कटॉप कॉम्प्युटरसारखी, वायर बसवायची तीन पट्ट्यांची खोबण असते. मग त्या देशात गेल्यावर तिथल्या प्लगची, अर्थिंगवाली वायर विकत घ्यायची. कॉम्प्युटरच्या दुकानात ती कुठेही मिळते, आणि अडॅप्टरचा प्रश्नच उरत नाही. एकच पारख लागते. कुकरच्या त्या खोबणीत मधोमध छोटा उंचवटा असेल, तर त्याला तापणाऱ्या उपकरणांची, टोकाला खाच असलेली वायर लागते. साधी कॉम्प्युटरची वायर त्यात बसत नाही. तापमान सोसणारी वायर लागावी म्हणूनच तसं केलेलं असतं, तेव्हा तो उंचवटा घासून टाकू नये. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत अशा दोन्ही वायरी मिळतात. जायच्या आधी एकदा तिथे कुकर घेऊन जावं आणि प्रत्यक्ष बसवून बघावं.

कुकरच्या पोटात सामान भरून नेता येतं, ही त्याची आणखी एक सोय. पण काय भरायचं ते देशावर ठरतं. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात तूपही आलं. अमेरिकेत भारतातला कच्चा तांदूळ सामानातून नेता येत नाही, कारण धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंग्याची भीती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याचं जे जे आहे ते अर्जावर लिहून दाखवायचं. लपवलं तर दंड. आणि आपल्या घरांत कुणाच्या ध्यानातही येत नाही अशी गोष्ट: गोड्या मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेला पदार्थ आहे. त्या देशांत जाणार असाल तर मसाला खसखशीशिवाय करून घ्या, किंवा नेऊच नका. मेतकुटाची ही अडचण नाही.

घर भाड्याने मिळालं आणि तिथे शेगडी असली, तर कुकरचं काम दुसऱ्या आठवड्यापासून चहापुरतं उरतं, आणि ते ठीकच आहे. जड पाण्याच्या गावात तळावर पांढरा थर जमतो. पंधरा दिवसांनी दोन चमचे व्हिनेगर पाण्यात घालून उकळावं, घासणीने खरवडू नये. पुढच्या देशाला निघण्याआधीच्या रात्री भांडं उघडं ठेवून पूर्ण वाळवा. ओला कुकर झाकण लावून बॅगेत बंद केला, की पुढच्या मुक्कामी त्यातून पहिल्या भाताला कुबट वास येतो.